झोपाळ्याचा भाता

माझा व्यवसाय पेट्या दुरुस्त करण्याचा आणि सुरात लावण्याचा आहे. वेंगुर्ल्यात समुद्रापासून दहा मिनिटे चालत गेले की माझे दुकान लागते, आणि खाऱ्या हवेच्या कृपेने मला काम कधी कमी पडलेले नाही. पावसाळ्यात भात्याचे कापड ओल धरते, रीडांवर, म्हणजे हवेने थरथरून सूर देणाऱ्या पितळी पात्यांवर, हिरवट थर चढतो, सूर उतरतात; मग श्रावण लागला की भजनी मंडळांची माणसे चतुर्थीच्या आत पेटी हवी म्हणून दुकानात येऊन बसतात आणि चहा संपेपर्यंत हलत नाहीत.

पेटी लावणे म्हणजे काय, हे थोडे सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. एकाच स्वराच्या दोन रीडा एकत्र वाजत असल्या आणि त्यांच्यात केसभर फरक राहिला, तर आवाज सपाट न राहता फुगतो आणि बसतो. एक रीड सेकंदाला ४४० वेळा आणि दुसरी ४४१ वेळा कंप पावत असेल, तर हा हेलकावा सेकंदाला एकदा येतो. फरक २ चा असेल तर दोनदा. आमच्या दुकानात वडिलांच्या वेळेपासून त्याला लहर म्हणतात. रीड टोकाशी खरवडली की सूर चढतो, मुळाशी खरवडली की उतरतो, आणि लहर हळू हळू होत पूर्ण थांबली की तो स्वर लागला असे समजायचे. गेली तीस वर्षे मी रोज सकाळपासून संध्याकाळपर्यंत लहरी मोडत आलो आहे.

इलेक्ट्रॉनिक संगीताशी माझी ओळख एवढीच होती की तेरेखोल नदी ओलांडून पेडणे तालुक्यात गेले की हिवाळ्यात किनाऱ्याच्या बाजूने रात्री छातीवर आदळणारे ठोके ऐकू येतात. हणजुण्याच्या किनाऱ्यावर १९८०च्या दशकाच्या अखेरीपासून जे संगीत वाढले आणि पुढे गोवा ट्रान्स या नावाने जगभर गेले, त्याच्याबद्दल मला काडीचेही कुतूहल नव्हते. रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिवर्धक लावू नये असा नियम आहे, आणि त्या संगीतासंबंधी मला माहीत असलेली सर्वांत सुखद गोष्ट तीच होती. आधुनिक कलेबद्दलचे माझे मत याहून वेगळे नव्हते. फरक इतकाच की ती निदान आवाज करत नाही, असे मी धरून चालत असे.

माझी भाची पणजीत वास्तुरचनेचे शिक्षण घेते. २०१६ पासून डिसेंबरात पणजीत सेरेन्डिपिटी कला महोत्सव भरतो, आणि त्या दिवसांत शहरातल्या जुन्या इमारती आणि मांडवीचा काठ पाहणाऱ्यांनी गजबजून जातो, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. भाचीने मला बोलावले ते मात्र याच हंगामात एका जुन्या घरात तिच्या ओळखीच्या तरुण मंडळींनी मांडलेल्या लहानशा प्रदर्शनाला. पणजीत एका गिऱ्हाइकाची पेटी पोचवायची होती म्हणूनच मी निघालो. शिरोडा, आरोंदा करत किरणपाणीच्या पुलावरून गोव्यात शिरलो, तेव्हा तासाभरात प्रदर्शन आटपून दुपारच्या आत परत फिरायचे हा बेत पक्का होता.

पहिल्या खोलीने तो बेत आणखी पक्का केला. तिथे चारी भिंतींना आरसे लावले होते आणि दाराशी माणसाच्या उंचीचा एक फलक होता. फलकावर लिहिलेले मी दोनदा वाचले. वाचून झाल्यावर आत पाहण्यासारखे काही उरलेच नव्हते, कारण जे काही होते ते फलकाने आधीच सांगून टाकले होते. मला अजूनही वाटते की ती खोली वाईटच होती, आणि भाचीलाही तसेच वाटत होते हे तिने परतताना कबूल केले.

दुसऱ्या खोलीत छतापासून मासेमारीच्या जाळ्याचे सात रंगीत बोये टांगलेले होते. प्रत्येकाची दोरी वर एका कप्पीवरून जाऊन पलीकडे तेवढ्याच वजनाला बांधलेली होती, त्यामुळे बोया ज्या उंचीवर सोडावा तिथे तो राही. कप्पीच्या आसाला रेडिओच्या बटणासारखे फिरणारे बटण जोडले होते, आणि बोया खाली ओढला की एका ध्वनिजनकाचा सूर उतरे, वर ढकलला की चढे. ध्वनिजनक म्हणजे ठरावीक वेगाने हेलकावणारा वीजप्रवाह निर्माण करणारे मंडल. तो ध्वनिवर्धकाला दिला की सूर ऐकू येतो. हे मला नंतर कळले. त्या वेळी मी हात मागे बांधून दाराशी उभा होतो, कारण प्रदर्शनातल्या वस्तूंना हात लावू नये ही शिकवण शाळेच्या सहलीपासून अंगात भिनलेली आहे.

"मामांनू, हात लावा," भाची म्हणाली. "हय सगळा हात लावूकच आसा."

खोलीत चारपाच मुले बोये ओढत होती आणि माझे कान नकळत कामाला लागले होते. निळा आणि पिवळा बोया जवळजवळ एकाच स्वरावर होते, पण पूर्ण नाही. खोलीभर एक संथ लहर फिरत होती. मी पुढे गेलो, पिवळा बोया बोटभर वर सरकवला, मग अर्धे बोट खाली, आणि लहर थांबली. मग लाल बोया त्यांच्या पंचमावर आणला, हिरवा वरच्या षड्जावर. पाच मिनिटांत खोली सुरात लागली. मी समाधानाने मागे वळलो, तर सहासात वर्षांची एक मुलगी कंबरेवर हात ठेवून माझ्याकडे पाहत होती. आजोबांनी नाचणारा आवाज घालवला, अशी तिची कोकणीत तक्रार होती. तिने उडी मारून पिवळा बोया खाली खेचला, लहर परत आली, आणि मुले तिच्या तालावर पुन्हा उड्या मारू लागली.

या प्रसंगावर मी हसलो खरा, पण तो डोक्यातून गेला नाही. मी खोली लावली तेव्हा ती बरोबर झाली होती आणि मेलीही होती, हे माझ्या कानांना मुलीच्या आधी कळायला हवे होते.

तिसऱ्या खोलीत एक लाकडी बाक होता आणि त्याच्या दोन टोकांना तांब्याच्या पट्ट्या होत्या. एकट्याने बसून एक पट्टी धरली तर काहीच होत नसे. दोघांनी दोन टोकांना पट्ट्या धरून मोकळे हात एकमेकांच्या हातात दिले की शरीरांतून अगदी क्षीण, जाणवणारही नाही इतका प्रवाह जाऊन मंडल पुरे होई आणि आवाज सुरू होई. पकड घट्ट केली की सूर चढे, कारण त्वचा जितकी जास्त चिकटते तितका विरोध कमी होतो. माझ्याबरोबर बाकावर पणजीच्याच एक वयस्क बाई बसल्या होत्या. परक्या बाईंचा हात धरायचा की नाही या विचारात मी असताना त्यांनीच माझा हात धरला आणि खोलीत मोटारीच्या भोंग्यासारखा आवाज झाला. आम्ही दोघेही दचकून हात सोडले. आवाज थांबला. मग आम्ही बराच वेळ तो भोंगा चालू-बंद करत बसलो, आणि दुपारच्या आत परतण्याचा बेत तिथेच मोडला.

प्रेक्षकाच्या खेळण्याशिवाय पूर्णच न होणाऱ्या अशा मांडणशिल्पांची परंपरा नवी नाही, हे भाचीने जेवताना सांगितले. स्टॉकहोमच्या मॉडर्ना म्युझिएट या संग्रहालयात १९६८ साली पाले नील्सन या डॅनिश कलावंताने मुलांसाठी अख्खे साहसी क्रीडांगण उभारले होते. लंडनच्या टेट मॉडर्नमध्ये २००६ साली कार्स्टन होलर यांनी अनेक मजले उंचीच्या घसरगुंड्या लावल्या होत्या. हे होलर मूळचे शेतीशास्त्रज्ञ, हे ऐकून मला उगाचच बरे वाटले. माँट्रियलमध्ये २०११ साली रस्त्याकडेला २१ झोपाळे टांगले होते, ज्यांतला प्रत्येक झोका एक स्वर वाजवी आणि अनेकांनी मिळून झोके घेतले की स्वरांची वेगळी रचना तयार होई. हे झोपाळ्यांचे मी लक्षात ठेवले. पण मला जागचे हलवले ते क्रोएशियातल्या झादर शहराच्या वर्णनाने. निकोला बाशिच या वास्तुरचनाकाराने २००५ साली तिथे समुद्रकाठी सुमारे ७० मीटर लांबीच्या पायऱ्या बांधल्या आणि त्यांच्याखाली ३५ नळ्या बसवल्या. लाट आत शिरली की नळीतली हवा ढकलली जाते आणि वरच्या भोकांतून सूर निघतात. म्हणजे ती पेटीच झाली. फक्त भाता समुद्र मारतो.

संध्याकाळी त्याच घराच्या अंगणात संगीताचा कार्यक्रम होता. पंचविशीतला एक मुलगा मेजामागे उभा होता आणि मेजावर बटणांनी आणि रंगीत तारांनी भरलेली एक पेटी होती. ठोके नव्हते. एक खर्जातला सूर सुरू झाला आणि पहिली दहा मिनिटे काही घडतच नाही असे मला वाटले. मग माझ्या लक्षात आले की तो एक सूर नसून तीन आहेत, आणि त्यांतले दोन मुद्दाम किंचित सोडलेले आहेत. लहर सुमारे चार सेकंदांची होती. मी मनगटावरच्या घड्याळात ती मोजली, ही माझी सवय. ती मग तीनवर आली, मग दोनवर, आणि जेव्हा ती फारच वेगाने थरथरू लागली तेव्हा त्याने सूर पुन्हा जवळ आणले आणि अंगणातले सगळे लोक एकदम श्वास सोडल्यासारखे सैल झाले. चाळीस मिनिटांच्या त्या वादनात चाल नव्हती, शब्द नव्हते. जी गोष्ट मी आयुष्यभर चूक म्हणून खरवडून काढली, तीच हा मुलगा विषय म्हणून वाजवत होता.

कार्यक्रमानंतर मी त्याच्याकडे गेलो आणि माझा धंदा सांगितला. त्याने मला एक बटण फिरवू दिले. ते फिल्टरचे होते. ध्वनिजनकाचा सूर मुळात खूप तीक्ष्ण असतो, म्हणजे त्यात वरच्या कंपनांची गर्दी असते. फिल्टर त्यातली वरची कंपने कापतो आणि आवाज मऊ होतो. पेटीचे झाकण लावून वाजवले की नेमके हेच होते, असे मी म्हणालो, तेव्हा त्याने झाकण किती जाड असते आणि कोणत्या लाकडाचे असते ते विचारले. पेटीबद्दल इतका नेमका प्रश्न मला भजनी मंडळातल्या कुणी विचारल्याचे आठवत नाही.

यंत्राने केलेल्या संगीतात जीव नसतो, हे वाक्य मी स्वतः अनेकदा उच्चारलेले आहे. परतीच्या वाटेवर मला आठवले की ते वाक्य मूळचे आमच्याच वाद्यावर टाकलेले आहे. पेटी युरोपातून आलेली. तिच्यावर मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता सरकत जाणे, निघत नाही आणि तिचे स्वर ठोकळेबाज आहेत या कारणांसाठी आकाशवाणीने १९४० साली तिच्यावर बंदी घातली, आणि ती थोडीफार सैल व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. ज्या यंत्राला एकतीस वर्षे दाराबाहेर उभे केले, त्याचा दुरुस्तीवाला दुसऱ्या यंत्राला दाराबाहेर उभे करत होता.

जानेवारीत मी रोज रात्री दुकान बंद केल्यावर ऐकू लागलो. भाची फोनवरून नावे कळवी. फ्रान्सचे पिएर शेफेर यांनी १९४८ साली आगगाड्यांच्या ध्वनिमुद्रित आवाजांची जुळवणी करून रचना केली, ती पहिल्यांदा ऐकताना मला गंमत वाटली आणि तिसऱ्यांदा ऐकताना कंटाळा आला. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत १९६९ साली मूग सिंथेसायझर, म्हणजे विजेवर सूर निर्माण करणारे वाद्य, आला होता आणि आपल्याकडच्या संगीतकारांनी त्यावर काम केले होते, हे ऐकून मी चकित झालो. त्या कामाच्या ध्वनिफिती पुढे अनेक दशके कुणी फारशा ऐकल्याच नव्हत्या. सर्वांत जास्त वेळा ऐकले ते चरणजित सिंग यांचे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वाद्ये वाजवणाऱ्या या गृहस्थांनी १९८२ साली रोलंड कंपनीची तीन यंत्रे जोडून दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. तबकडी त्या वेळी चालली नाही. पुढे शिकागोत त्याच प्रकारच्या यंत्रावर अॅसिड हाउस नावाचे संगीत जन्मले, आणि २०१० साली तबकडी पुन्हा निघाली तेव्हा लोक थक्क झाले. त्यातला भैरव मला आवडतो, कारण रोलंडच्या खर्ज यंत्राची एका स्वरावरून दुसऱ्या स्वरावर सरकत जाण्याची सोय त्यांनी नेमकी मींडेसाठी वापरली आहे, आणि ती सोय माझ्या पेटीत नाही.

ऐकून झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. भाचीने पिएझो चकत्या पाठवल्या. दहाच्या नाण्याएवढी पितळी चकती, तिच्यावर पांढरा थर. चकती कशालाही चिकटवली की त्या वस्तूचे कंपन वीजदाबात बदलते. पहिल्या दोन चकत्या मी डाग देताना जास्त तापवून वाया घालवल्या, कारण रीडेच्या कामाचा माझा हात पांढऱ्या थराला सोसेना. तिसरी जमली, पण पेटीच्या पोटाला चिकटवून ऐकले तर आवाज पत्र्याच्या डब्यासारखा, खर्ज नाहीच. साध्या माईकच्या जोडणीत पिएझोचा खर्ज गळून जातो, त्याला मधे योग्य प्रवर्धक लागतो, हे कळायला आठ दिवस गेले. तो लावल्यावर मात्र मी पेटीच्या आतला आवाज पहिल्यांदा ऐकला. भात्याच्या घडीचे करकरणे, पट्टी उठताना कातड्याचा सुटणारा चिकट ओठ, रीड बोलण्याआधीचा हवेचा फुसका श्वास. दुरुस्तीसाठी आलेल्या एका पेटीची हवा कुठून गळते ते मी त्या चकतीनेच शोधले, तेव्हा पत्नीने हा खर्च पहिल्यांदा मान्य केला.

उन्हाळ्यात आमच्या मांगरात, म्हणजे घराबाहेरच्या खोपीत, झोपाळा टांगायचे ठरले. झोपाळ्याच्या फळीला नायलॉनची दोरी बांधून ती कप्पीवरून एका मोडक्या पेटीच्या भात्याला जोडली. पुढच्या झोक्याला दोरी भाता दाबे, मागच्या झोक्याला भात्याची स्प्रिंग तो उघडून हवा आत घेई. पेटीत आतला एक भाता असतो, जो हवा साठवून सूर सलग ठेवतो. त्याच्या स्प्रिंगा मी काढल्या, कारण मला सूर झोक्याबरोबर उमलायला आणि मिटायला हवा होता. पहिल्याच दिवशी पुतण्याने जोरात झोका घेतला आणि भाता बिजागरीपासून उखडला. मग दोरीत वीतभर सायकलच्या ट्यूबचा तुकडा घातला. झटका तो गिळू लागला.

वाजत्या रीडा दोनच ठेवल्या. पेटीला चिकटवलेल्या चकतीचा आवाज भाचीच्या जुन्या लॅपटॉपमध्ये जाई आणि दीड सेकंदाने पुन्हा पुन्हा, दर वेळी थोडा मंद होत, बाहेर येई. दीड सेकंद का, तर आमचा झोपाळा सव्वादोन मीटर लांबीचा, आणि तेवढ्या लांबीच्या झोक्याची एक फेरी सुमारे तीन सेकंदांची होते. वजनदार माणूस बसला की झोका संथ होईल असे मला खात्रीने वाटत होते. तसे होत नाही. लहान मूल बसो की मी बसो, वेळ तोच, कारण तो लांबीवर ठरतो. फळीवर उभे राहिले तर मात्र शरीराचा भार वर सरकतो आणि फेरी लवकर संपते, मग प्रतिध्वनी मागे पडू लागतो, आणि मुलांनी हे पहिल्या दुपारीच शोधून काढले. ध्वनिवर्धक आत ठेवला तेव्हा त्याची थरथर लाकडातून चकतीत शिरून सगळा मांगर ओरडू लागला होता. तो बाहेर, काथ्याच्या जाड पायपुसणीवर ठेवल्यावर गप्प झाला.

एक गोष्ट मला जमली नाही. दोन रीडांमधली लहर मी बरोबर तीन सेकंदांची लावली होती, म्हणजे झोका आणि लहर जोडीने चालतील. पण भात्याचा दाब बदलला की रीडेचा सूर किंचित हलतो, दोन्ही रीडा सारख्या हलत नाहीत, आणि त्यावर तीन सेकंदांपूर्वीचा प्रतिध्वनी आताच्या सुराला भेटला की तिसरीच लहर तयार होते. मी दोन दिवस कानस घेऊन बसलो. शेवटी भाची म्हणाली की ती पळते ती पळू दे, आणि माझ्या हातातली कानस तिने खरोखरच काढून घेतली.

मे महिन्यात चाकरमान्यांची मुले आली आणि झोपाळा दिवसभर मोकळा राहिनासा झाला. एका संध्याकाळी शेजारच्या वाडीतले जुने भजनीबुवा आले. ते बसले, दोन झोके घेतले आणि पाय टेकवून थांबले.

"पेटी बेसूर आसा," ते म्हणाले. "तुज्यासारख्यान अशी पेटी ठेवची?"

मी होय म्हणालो. बेसूर होतीच. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा झोका घेतला. मी चहा घेऊन आलो तरी ते झोके घेतच होते, डोळे मिटून, आणि डाव्या हाताच्या बोटांनी मांडीवर कसला तरी ठेका धरून, जो तीन सेकंदांच्या फेरीत चारदा बसत होता.

मृगाच्या आदल्या दिवशी मी सगळे उतरवले. लॅपटॉप पणजीला गेला, झोपाळ्याच्या कड्यांना तेल लावून त्या टांगून ठेवल्या. दोन रीडा मेणकापडात गुंडाळून दुकानातल्या खणात ठेवल्या आहेत, आणि पुतण्या हल्ली माझ्या हाताखाली शिकतो म्हणून वर चिठ्ठी चिकटवली आहे: या लावू नयेत.